दुनळीचा खरा घोडा

"यातला तुमचा कोन्ता अन् आमचा कोन्ता, तेवढं सांगा मिस्त्री," सुलोचनाबाई म्हणाल्या, आणि मी सवयीने हसलो. त्यांच्या प्रश्नालाच हसलो. बाकावर जुन्या लुगड्याच्या फडक्यात दुनळी बंदूक आडवी पडली होती. दोन नळ्यांचे दोन घोडे मान वाकवून शेजारी शेजारी उभे होते, आणि त्यातला एक बारा वर्षांपूर्वी मी माझ्या हाताने घडवला होता. स्वतःचं पोर ओळखायला कोणाला वेळ लागतो? मी चष्मा धोतराला पुसला, बंदूक खिडकीकडे वळवली, डावा पाहिला, उजवा पाहिला, पुन्हा डावा पाहिला. हसू तोंडावर तसंच राहिलं होतं, ते काढायचं मला सुचलं नाही. मला ओळखू येत नव्हतं.

कोणाच्या लक्षात आलं नाही, हे सांगायलाच नको. माझ्या कामातलं काही कोणाच्या लक्षात यावं अशी या भंडारा जिल्ह्यात रीतच नाही. सुलोचनाबाई म्हणजे सिहोऱ्याच्या भय्याजी मालगुजारांच्या विधवा. मालगुजारी जाऊन जमाना लोटला, पण हे लोक ते बिरुद उतरवत नाहीत, तेल संपलं तरी बाटली फेकवत नाही तसं. त्यांचे दोन मुलगे दाराच्या चौकटीला टेकून उभे होते, एक या अंगाला, एक त्या अंगाला, मधून म्हैस जाईल एवढी जागा ठेवून. थोरला सेवकराम, धानाच्या व्यापारात पोट सुटलेला. धाकटा ताराचंद, तुमसरला कुठल्याशा कचेरीत चिकटलेला, खिशाला दोन पेनं लावलेला, बहुधा एकही न चालणारं. दोघांच्या तोंडावर बापाचंच ते ऐसपैस अज्ञान. बापाने शेती विकून खाल्ली, पण हे मात्र जसंच्या तसं मागे ठेवून गेला.

मी लोकांची किंमत करतो, असं माझी बायको धुरपता म्हणते. खोटं आहे. किंमत करायला आधी काही असावं लागतं. भंडाऱ्यातल्या माझ्या दुकानावर पंपाची दुरुस्ती अशी पाटी आहे, आणि गल्लीतल्या पितळी भांडेवाल्यांना वाटतं की मी खरंच पंप दुरुस्त करून जगतो. तेही करतो. पण माझं काम म्हणजे जुन्या विलायती बंदुकांचे हरवलेले, मोडलेले भाग नव्याने घडवणं. त्या बंदुका बनवणारे कारखाने तिकडे केव्हाच बुडाले. भाग मिळत नाहीत. मग नागपूरच्या एका परवानेवाल्या दुकानातून बंदूक तिच्या कागदांसकट माझ्याकडे येते, नाहीतर मालक स्वतःच घेऊन येतो. कोणाचा चाप, कोणाची किल्ली, कोणाचा स्क्रू. आणि सगळ्यात जास्त घोडे. चाप ओढला की वरून आपटून काडतूस फोडतो तो वाकडा तुकडा. बंदुकीचं सगळं रूप त्या घोड्यात असतं, आणि पडली की मोडतोही तोच. शिकारबंदी झाल्यापासून या बंदुकांनी माशी मारली नाही. पण शिकार बंद झाली तशी भिंतीवरच्या वाघांच्या गोष्टींना ऊत आला. पूर्वी ज्याच्या आजाने एक वाघ मारला होता, त्याने बंदीनंतर तीन मारले. मी कानस चालवत ऐकून घेतो. कानशीच्या आवाजात अर्धं ऐकू येत नाही, तेवढीच या धंद्यातली सोय.

बारा वर्षांपूर्वी भय्याजी असेच आले होते, जीपमधून, पान चघळत. एक घोडा गायब. तळ्यात पडला म्हणाले, मग म्हणाले की पोरांनी हरवला, मग म्हणाले की वाघाने झडप घातली तेव्हा तुटला. तिन्ही गोष्टी एका बैठकीत. "हुबेहूब पायजे मिस्त्री. पोरीले पाहाले पाव्हणे येऊन राहिले, बैठकीत टांगाची हाय." म्हणजे सोयरिकीसाठी हवी होती. पाव्हण्यांनी खाली बसून वर पाहायचं आणि हुंड्याचा आकडा गिळायचा, एवढंच त्या घोड्याचं काम. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि ठरवलं की असा करीन, की उरलेला घोडा ज्या विलायती कारागिराच्या हातचा आहे त्याला स्वतःलाही दोघांतला फरक कळणार नाही. भय्याजींसाठी नाही. त्यांना मी लाकडाचा रंगवून दिला असता तरी चाललं असतं. मी तो त्या दूरच्या, कधीच न पाहिलेल्या विलायती माणसासाठी केला. या सगळ्या मुलखात माझ्याशी बोलण्याच्या लायकीचा तेवढा एकच होता, आणि तो मेलेला होता.

दोन्ही घोडे सारखे नसतात. एक दुसऱ्याचा उलटा असतो. म्हणून उरलेला घोडा आरशासमोर उभा करायचा आणि आरशातल्याची नक्कल करायची, ही माझी रीत. धुरपताचा आरसा मी खिळ्यावरून काढून आणला, आणि तो हिवाळाभर ती पितळी परातीत पाहून कुंकू लावत होती. एकदा चहा ठेवायला आली, थोडा वेळ उभी राहिली, म्हणाली, "येवढं कायले करता जी? कोन पाहून राहिला?" मी म्हटलं, "तुले नाही समजाचं." ती गेली. बरोबरच बोलली होती ती, पण बरोबर बोलणाऱ्या माणसाचा मला जास्तच राग येतो. ट्रकच्या स्प्रिंगच्या मोडक्या पाट्याचा तुकडा तापवून, ठोकून, कानशीने उतरवत मी आकार आणला. मग नक्षी. बंदुकीच्या बाकी अंगावर दाट विलायती वेलबुट्टी होती, उडणारं कसलंसं जाडजूड पाखरूही होतं. पण घोड्यावर, वळणाच्या खाली, नखाएवढ्या जागेत वेगळंच काही होतं. एक गोल पान आणि पानावर उभं लांब पायांचं पाखरू. पायांची बोटं इतकी लांब की पाखराला शोभू नयेत. मला वाटलं, त्या विलायती कारागिराला वेलबुट्टीचा कंटाळा आला असेल, त्याने एवढी जागा स्वतःसाठी ठेवली. त्या बोटांवर माझे किती दिवस गेले ते आठवत नाही. एखाद्या वेळी पाय उतरेना तेव्हा मला रडू यायचं. खरंच यायचं. मग हाडांच्या कोळशात भाजून पाणी दिलं. जुन्या लोखंडावर येते ती निळी तपकिरी छटा त्याच्यावर आली, आणि मी एकटाच बराच वेळ हसत बसलो.

खूण मात्र ठेवली नाही. नागपूरकडचे कारागीर आतल्या बाजूला आपलं अक्षर ठोकतात, कुत्रं खांब ओला करतं तसं. ज्याला स्वतःच्या डोळ्यावर भरवसा नाही त्याने खुणा ठेवाव्यात. माझा मला केव्हाही कळेल, असं मी म्हणायचो. भय्याजींनी घोडा पाहिला, "जमलं" म्हणाले, आणि वाघावर आले. त्या एका "जमलं"साठी मी त्यांना बारा वर्षं मनातल्या मनात शिव्या दिल्या. ते मेल्याचं कळलं तेव्हा कामही थांबवलं नाही.

आता त्यांचे सुपुत्र वेगळे झाले होते. घर वाटलं, विकून उरलेल्या धानाच्या बांध्या वाटल्या, देव्हाऱ्यातले टाकसुद्धा वाटले. बंदूक राहिली. परवाना एकाच्याच नावावर होणार म्हणून ती सेवकरामकडे गेली. त्यावर ताराचंद अडून बसला. दसऱ्याला या घरात बंदुकीची पूजा होते, गावातले लोक पाया पडायला येतात. आता ती पूजा एका घरी झाली आणि दुसऱ्या घरी नाही झाली, तर धाकट्याच्या घरात पूर्वज येणार कसे? सगळी बंदूक नाही मिळत तर आजाच्या अंगठ्याने ओढलेला घोडा तरी द्या, तो मी देव्हाऱ्यात ठेवीन, असं त्याचं म्हणणं. शिकलेला माणूस. नक्कल नको, खरा पाहिजे, हेही त्याचंच. सेवकरामची त्याला हरकत नव्हती, फक्त त्याच्या मते खरा डावा होता. सुलोचनाबाईंच्या मते खरा उजवा. ताराचंदच्या मते थोरला भाऊ डावा म्हणतो म्हणजे खरा उजवाच असणार.

"दसऱ्यापासून एकमेकाशी बोलून नाही राहिले," सुलोचनाबाई खाली पाहत म्हणाल्या. "ह्याच्या घरी जेवली त तो उपाशी झोपते. त्याच्या घरी गेली त हा दार लावून घेते. मी कोन्त्या घरी जाऊन मरू, सांगा? पन एका गोष्टीवर दोघं कबूल झाले. मिस्त्री सांगन ते मानू म्हनले."

आयुष्यभर मी ज्या शब्दाची वाट पाहिली तो हा होता. मिस्त्री सांगेल ते मानू. आणि तो आला तेव्हा माझ्या हातात दोन पांढरेफटक घोडे होते. पांढरेफटक, कारण या थोर घराण्यात दर दसऱ्याला बायकांनी बंदूक चिंचेने आणि राखेने घासली होती. घागरी घासाव्यात तशी. पितळेच्या मुलखातली सून, तिला जे काही धातूचं दिसेल ते चकचकीत झालं पाहिजे. निळी छटा गेली, तपकिरी गेली, पान पुसट झालं, पाखराच्या बोटांची टोकं गेली. त्यावर हळदकुंकवाचे थर, त्याखाली बारीक गंज, पुन्हा चिंच. माझं आणि त्या विलायती माणसाचं, दोघांचं सगळं काम एका भांडं घासणाऱ्या हाताने सारखं करून टाकलं होतं. मी सुलोचनाबाईंच्या हाताकडे पाहिलं. जाड, साधा, बांगड्या नसलेला हात. त्या हाताचा मला संताप आला.

डोळ्यांनी नाही तर आठवणीने सांगू, म्हटलं. त्या हिवाळ्यात बाकावर काय होतं? डोळे मिटले. बाक दिसला, खिडकी दिसली, ठेवलेला घोडा दिसला. उजवीकडे वाकलेला. म्हणजे ठेवलेला खरा उजवा, आणि मी केला डावा. पण लगेच दुसरा विचार आला. मला दिसतोय तो बाकावरचा घोडा आहे की आरशातला? हिवाळाभर मी पाहत होतो ते आरशातच. बाकावरच्याकडे मी पाहिलं असेन नसेन. आरशातलाच माझ्या डोळ्यांत राहिला असेल, तर सगळं उलट होतं. मी आठवण एकदा अशी फिरवली, एकदा तशी फिरवली, आणि ती दोन्हीकडून सारखीच खरी दिसत होती. या लोकांच्या आठवणींना मी किती हसलो होतो. तळ्यात पडला, पोरांनी हरवला, वाघाने तोडला. माझी आठवण त्यांच्यापेक्षा कणभरही शहाणी निघाली नाही.

"चहा पिऊन या," मी म्हटलं. "चौकात चांगला भेटते. मले खोलून पाहावं लागन."

"येवढं का हाय पाहासारखं?" सेवकराम म्हणाला. "तुमीच त केला."

"मी केला म्हनूनच पाहून राहिलो. जा."

ते गेले, आईला मध्ये घेऊन, तिच्याशी बोलत, एकमेकांशी न बोलता. मी दार लोटून घेतलं. एक उपाय होता. तो मला पहिल्या क्षणापासून माहीत होता आणि मी तो टाळत होतो. जुन्या विलायती घोड्याचं कवच कडक असतं, आत मऊ लोखंड असतं. घासणीच्या चाकाला आतली बाजू लावली की त्याच्या ठिणग्या लांब, सरळ, न फुटता जातात. माझ्या पाट्याच्या पोलादाच्या ठिणग्या मात्र टोकाला फुटतात, फुलबाजीसारख्या. क्षणभराचं काम. पण खऱ्या तुकड्याला चाक लावणं म्हणजे माझ्या लेखी पाप. आजवर लावलं नव्हतं, आणि लावायची वेळ यावी एवढा मी कधी आंधळा नव्हतो. आता झालो होतो. दोन्ही घोडे खोलले, चाक सुरू केलं, डावा टेकवला. ठिणग्या फुटल्या. सुटलो. डावा माझा. मग खात्रीसाठी, केवळ खात्रीसाठी, उजवा टेकवला. त्याच्याही फुटल्या.

चाक बिघडलं असेल असं वाटलं, इतका मी मूर्ख झालो. खणातून दुसऱ्या कुठल्या बंदुकीच्या विलायती घोड्याचा मोडका तुकडा काढला आणि लावला. लांब, सरळ ठिणग्या गेल्या. चाक बरोबर होतं. पुन्हा डावा, पुन्हा उजवा. फुलबाज्या, दोन्ही. दोन्ही पाट्याचे. दोन्ही नकली. एक माझा, आणि दुसरा माझ्या आधीच्या कोणाचा तरी. खाणींवर मँगनीज वाहायला पहिल्या लॉऱ्या या भागात आल्या, तेव्हा त्यातल्या एकीचा मोडका पाटा कोणाच्या तरी हाती लागला असेल. म्हणजे बंदुकीचे मूळचे दोन्ही घोडे बहुधा माझ्याही आधी गेलेले. त्या माणसाने दोन्ही केले असावेत. पुढे त्यातला एक भय्याजींनी हरवला, आणि उरलेला मी आरशासमोर ठेवून पूजला.

आणि मग ते पाखरू. मी घोडा उन्हात धरला. बोटांची टोकं झिजली होती, तरी पुरेशी उरली होती. कोंढ्याला, माझ्या गावी, आमच्या बांध्यांना लागून तळं होतं. तळ्यात कमळाची गोल पानं पसरलेली, आणि त्या पानांवरून लांब बोटांची पाखरं चालत जायची, बुडायची नाहीत. मी लहानपणी रोज पाहायचो. रोज. माझ्या बापाने हाक मारेपर्यंत तळ्याच्या पाळीवर बसून पाहायचो. तेच पाखरू मी हिवाळाभर आरशात पाहिलं, त्याच्या बोटांसाठी रडलो, आणि मला ते विलायती वाटलं. कारण या मुलखातल्या माणसाला एवढं चांगलं जमेल असं माझ्या मनातच आलं नाही. आलं असतं तर मी ते पाखरू पाहताक्षणी ओळखलं असतं.

मला लाज वाटली. लाजेपेक्षा जास्त राग आला, आणि रागाच्याही खाली काहीतरी होतं ते मला ओळखू येईना. कोण होता तो? लोहार असेल, या गल्लीतलाच एखादा भांडी ठोकणारा असेल, सकाळपासून संध्याकाळपर्यंत घागरी ठोकून उरलेल्या उजेडात पाखराची बोटं काढणारा. त्यालाही कोणीतरी "जमलं" म्हटलं असेल. त्यानेही खूण ठेवली नव्हती. माझ्यासारखाच माजोरडा असेल, किंवा त्याला खुणेचं सुचलंच नसेल. माझ्याशी बोलण्याच्या लायकीचा माणूस होता, आणि तो सातासमुद्रापलीकडे नव्हता, इथेच कुठेतरी राहून मेला. मी त्याच्या दारावरून नाक मुरडून गेलो असेन. आणि एवढं कळूनही, बाकावरच्या दोघांतला त्याचा कोणता आणि माझा कोणता, हे मला अजूनही सांगता येत नव्हतं.

ते परत आले. सुलोचनाबाई सगळ्यांत आधी आत आल्या, स्टुलावर बसल्या नाहीत, उभ्याच राहिल्या. त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि खरं सांगितलं तर पुढे काय होईल ते मला दिसलं. दोन्ही नकली म्हटलं तर सेवकराम ताराचंदला म्हणेल की तू बदलला, ताराचंद सेवकरामला म्हणेल की तू विकला, आणि म्हातारीला दोन्ही दारं बंद. ही दया होती, असं मला म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पण मला त्याहून जास्त भीती वाटत होती ती त्या मठ्ठ सेवकरामने माझ्याकडे पाहून "म्हंजे तुमालेबी नाही समजलं?" असं विचारण्याची.

"तुमी उजवा म्हनत होत्या ना, बाई?" मी विचारलं.

"हो जी."

"उजवाच हाय."

मी आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकाच्या आठवणीवर काम केलं. ताराचंदने दोन्ही हात पुढे केले. मी त्याच्या ओंजळीत घोडा ठेवला. त्याने तो कपाळाला लावला, डोळे मिटले, आणि ते मिटलेले डोळे ओले झाले. मला हसायला हवं होतं. हसू आलं नाही. सेवकराम जवळ येऊन पाहू लागला, आणि बऱ्याच दिवसांनी, बहुधा दसऱ्यानंतर पहिल्यांदा, भावाला म्हणाला, "रुमालात बांध, पडन." सुलोचनाबाईंनी पदर तोंडाला लावला.

"पक्कं ना मिस्त्री?" ताराचंदने विचारलं.

"मी सांगतो म्हंजे पक्कं," मी खेकसलो. आवाज नेहमीसारखाच निघाला.

मग मला राहवलं नाही. सुलोचनाबाई उंबऱ्यापाशी पोचल्या होत्या. मी विचारलं, "बाई, तुमच्या सासऱ्याच्या वक्ताले बंदुकीचं काम कोन करे?"

त्या थांबल्या, आठवायचा प्रयत्न केल्यासारखं केलं. "कोन जाने जी. येत असन कोनी तरी. अशा मानसाचं नाव कोन याद ठेवते?" म्हणाल्या, आणि ते बोलण्यात काही वावगं आहे असं त्यांना वाटलं नाही. नव्हतंही. माझं नाव तरी त्यांना कुठे ठाऊक होतं? मघापासून त्या मला मिस्त्रीच म्हणत होत्या.

सेवकराम मागे रेंगाळला होता. बंदूक माझ्याकडे ठेवून, तिला नवा उजवा घोडा बसवायला सांगून तो निघाला आणि दारात वळला. "दसऱ्याले लोकं येतात पाहाले," तो म्हणाला. "हा नवा कोनं केला म्हनून कोनी पुसलं, त का सांगू? तुमचं नाव का हाय जी?"

बारा वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं.

"सांगजा," मी म्हटलं, "पयलेपासून असाच हाय."